वेळासचा कासव महोत्सव: पिल्लं सोडायची वेळ नेमकी कोणी ठरवायची?

भरतीरेषा

मंडणगड तालुक्यातलं वेळास सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोट किल्ल्याच्या पलीकडे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आता वन विभागाच्या साथीने गावकरीच तो चालवतात. ज्या कोकणात कासवाची अंडी खणून खायची आणि विकायची रीत होती, तिथल्या एका गावाने ती राखून दाखवली. हे काम मोठं आहे आणि त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो वेळेबद्दल. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळी साधारण सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, अंडी आणून पुरलेल्या कुंपणातल्या (म्हणजे उबवणी केंद्रातल्या) घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलतात. खाली पिल्लं असली की दोरीमागे बसलेल्या लोकांसमोर ती सोडतात. पण पिल्लं वर येतात ती मुख्यतः रात्री. वरची वाळू थंड झाली की ती खालून हालचाल सुरू करतात. रात्री दहाला वर आलेलं पिल्लू सकाळी सातपर्यंत टोपलीखाली नऊ तास धडपडतं.

हे नऊ तास फुकट जात नाहीत, पिल्लाच्या अंगातून जातात. पंधरा-वीस ग्रॅम वजनाचं पिल्लू पोटात उरलेल्या बलकाच्या शिदोरीवर निघतं. पाण्यात शिरल्यावर पहिला दिवसभर ते जवळजवळ न थांबता पोहत राहतं, कारण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासे आणि पक्षी सर्वांत जास्त असतात. तो पट्टा ओलांडायचा जोर त्याने टोपलीच्या कडेला धडका मारण्यात घालवला, तर नेमका मोक्याच्या जागी तो कमी पडतो. मलेशियातल्या सबा इथे हिरव्या कासवांच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं आहे. उबवणी केंद्रात काही तास अडकून पडलेली पिल्लं हळू पोहतात असं दिसलं. जात वेगळी असली तरी शरीराचा हिशेब तोच.

दुसरं म्हणजे उजेड. मार्चच्या मध्यात त्या किनाऱ्यावर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातच्याच सुमारास मावळतो. म्हणजे सातची आणि सहाची, दोन्ही वेळा उजेडातल्या. कावळे, घारी, कुरव सगळे जागे. रोज त्याच जागी, त्याच वेळी पिल्लं पाण्यात शिरू लागली की पक्ष्यांना आणि माशांनाही ती जागा पाठ होते.

माझं म्हणणं एवढंच: पिल्लू वर आलं की तासा-दोन तासांत सोडा. लोकांनी पाहिलं तर आनंद, नाही पाहिलं तरी पिल्लू गेलं पाहिजे.

खाडीकाठ

भरतीरेषा, जीवशास्त्र बरोबर आहे, हिशेब अपुरा आहे.

रात्री सोडायचं म्हणजे रात्रभर कोणीतरी जागायचं, एक-दोन रात्री नव्हे, तीन महिने. टोपल्या दर दोन तासांनी तपासायच्या तर कमीत कमी दोन माणसं हवीत. एकटा माणूस पिल्लं घेऊन पाण्यापर्यंत गेला की मागे कुंपणाशी कोणी नाही, आणि कोल्हे-कुत्रे नेमके तेव्हा येतात. तीच माणसं पहाटे पाचला घरटी शोधायला किनारा चालणार, कारण मार्चपर्यंत नवीन माद्याही येत असतात. रात्रपाळी आणि पहाटपाळी एकाच माणसाकडून होत नाही. मग चार माणसं. त्यांचं मानधन कुठून येणार?

ते येतं घराघरात राहणाऱ्या पाहुण्यांकडून. वेळासमध्ये मोठी हॉटेलं नाहीत. लोक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच हातचं जेवतात. गावातल्या बाईला चार पैसे मिळतात तेव्हा तिचा मुलगा दुसऱ्याच्या मुलाला अंडी खणू देत नाही. राखणीचं खरं कुंपण हे आहे. पाहुण्यांना सांगून बघा की पिल्लं रात्री अडीचला गेली, तुम्ही झोपा. पुढच्या वर्षी किती येतील?

आणखी एक. पिल्लं अंडं फोडल्यावर लगेच वर येत नाहीत. वाळूत दोन-तीन दिवस वर सरकत असतात आणि पृष्ठभागाच्या जरा खाली, वाळू तापलेली असेल तर, तासन् तास थांबतात. थांबणं त्यांच्या स्वभावातच आहे. टोपलीखालचे सगळे तास म्हणजे छळ, असं धरून चालता येणार नाही.

भरतीरेषा

खाडीकाठ, थांबण्या-थांबण्यात फरक आहे. वाळूखाली पिल्लू निपचित असतं. वरच्या पिल्लाला उष्णता लागली की ते स्थिर होतं आणि खालचीही गप्प होतात. टोपलीखाली उलट होतं. चंद्राचा, लाटांवरून येणारा उजेड टोपलीच्या भोकांतून दिसतो आणि ती अखंड त्या बाजूला चढत राहतात. सकाळी टोपली उचलल्यावर समुद्राकडच्या कडेला वाळू खरवडून घळ पडलेली दिसते ती यामुळेच.

मनुष्यबळाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण घरटी आधी मोजा. टोपली प्रत्येक घरट्यावर रोज लागत नाही. घरटं पंचेचाळीस दिवसांचं झालं की ती घालायची आणि साधारण पंचावन्नपर्यंत ठेवायची. १० जानेवारीला घातलेलं घरटं २४ फेब्रुवारी ते ६ मार्च या अकरा दिवसांत फुटणार. डिसेंबरच्या थंड वाळूतली घरटी आणखी थोडी लांबतात. घरट्याजवळच्या खुंटीवर अंडी घातल्याची तारीख असतेच. कोणत्या रात्री किती घरटी मुदतीत आहेत ते वहीत आधीच दिसतं. ज्या रात्री एकही घरटं मुदतीत नाही त्या रात्री जागायचं कारण नाही. वरची वाळू मध्येच खळग्यासारखी खचली की त्या रात्री किंवा पुढच्या रात्री पिल्लं येणार, हेही कळतं.

दर्यावर्दी

दोघेही टोपलीवर भांडताय. मूळ प्रश्न टोपलीच्या आधीचा आहे: अंडी हलवायचीच कशाला?

मादी घरटं करते ती जागा निवडून करते. आपण ती अंडी उचलून एका कुंपणात नेतो, आणि हलवण्यातच निम्मं नुकसान होतं. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या टोकाशी चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो सुटतो आणि मरतो. मध्यरात्री घातलेली अंडी पहाटे सहाला सापडली तर सहा तास झालेले. ती बादलीतून, वाटेत हिसके खात, दुचाकीवरून नेली तर वरून एकही तडा दिसत नाही, आणि पन्नास दिवसांनी खणल्यावर आत चिमुकला गर्भ वाळलेला सापडतो.

त्यात घरटं शोधताना काठी खुपसायची सवय. मादीच्या येण्या-जाण्याच्या दोन माग असतात, मध्ये अंगाने दाबलेली, चहूकडे वाळू उडवलेली जागा असते. तिथे हाताने मऊ वाळू चाचपत जायचं असतं. काठीने एक जरी अंडं फुटलं तरी त्या वासावर मुंग्या येतात आणि सगळं घरटं जातं.

ओडिशात ऋषिकुल्याच्या किंवा गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लाखो माद्या एका वेळी येतात तिथे कोणी प्रत्येक घरटं उचलत नाही. किनारा राखला जातो. कोकणातही घरटं जागच्या जागी जाळीने झाकावं. तारेची जाळी घरट्यावर आडवी, वाळूखाली थोडी पुरून, भोकं एवढी की पिल्लू सहज निघेल आणि कुत्र्याचा पंजा जाणार नाही. मग ना टोपली, ना सात वाजताची गर्दी.

खाडीकाठ

दर्यावर्दी, ओडिशाची तुलना इथे लागू होत नाही. लाखो घरटी एका आठवड्यात पडली की खाणाऱ्यांची पोटं भरूनही हजारो उरतात. कोकणात माद्या एकेकट्या येतात. एका किनाऱ्यावर मोसमात मोजकी घरटी. एक कोल्हा एका रात्रीत एक घरटं फस्त करतो, म्हणजे आख्ख्या मोसमातला डोळ्यात भरणारा हिस्सा गेला.

आणि जाळी. तारेची जाळी लावली की माणसांना खूण मिळते, "इथे आहे" म्हणून. शिवाय भटकी कुत्री बाजूने खणतात, कडेकडेने. घोरपडीला तर बाजूचा बोगदा सोपाच. जाळी चारही बाजूंनी फूटभर खोल पुरायची तर तेवढं खोदकाम ताज्या घरट्याच्या भोवती करायचं. ते कोण करणार, आणि रोज किनाऱ्यावर विखुरलेल्या जाळ्यांवर लक्ष कोण ठेवणार?

मोठा धोका तर उधाणाचा. कोकणातला किनारा दर वर्षी आकार बदलतो. नदीमुखाजवळ वाळूचा दांडा इकडचा तिकडे सरकतो. पुळण अरुंद झाली की मादी भरतीच्या रेषेखालीच घरटं करून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते घरटं बुडतं, अंड्यांना हवा मिळत नाही. अशी घरटी हलवलीच पाहिजेत.

तापमापी

हलवायची की नाही, यावर माझं मत मधलं आहे. उधाणाच्या रेषेच्या वर, वस्तीच्या दिव्यांपासून लांब, कुत्र्यांचा वावर नसलेल्या भागात पडलेलं घरटं जागेवर ठेवावं. बाकीची हलवावीत. पण हलवायची असतील तर नीट, आणि इथे बऱ्याच उबवणी केंद्रांत काय चुकतं ते सविस्तर लिहितो, कारण महोत्सवाच्या चर्चेत हे कधी येत नाही.

खड्डा. मादीचं घरटं मडक्यासारखं असतं: तोंड अरुंद, तळाशी पोट फुगलेलं, एकूण खोली साधारण दीड फूट. अंडी काढताना मूळ घरट्याची खोली आणि पोटाची रुंदी काठीवर खूण करून घ्यायची आणि केंद्रात तेवढाच खड्डा करायचा. घाईत सरळ बादलीसारखा खड्डा केला की अंडी एकमेकांवर दाबली जातात, मधली हवा कमी होते. वाळू परत घालताना खालची ओली वाळू आधी, कोरडी सर्वांत शेवटी. कोरडी वाळू अंड्यांच्या फटींत गेली तर ती अंड्यांतलं पाणी ओढते.

अंतर. दोन घरट्यांत एक मीटर. अंडी वाढताना स्वतः उष्णता देतात, शेवटच्या टप्प्यात घरट्याचं तापमान आसपासच्या वाळूपेक्षा एक-दोन अंशांनी चढतं. घरटी दाटीने लावली की शेजारच्याची उष्णताही मिळते.

जागा. दर वर्षी तीच जागा नको. कुजलेल्या अंड्यांचं बुरशीचं बीज आणि मुंग्यांची वारुळं वाळूत राहतात. जागा बदलता येत नसेल तर मोसमाआधी दोन फूट वाळू काढून भरतीने धुतलेली नवी वाळू भरायची. सुरूच्या झाडांच्या फार जवळ केंद्र नको, बारीक मुळं ओलाव्याच्या शोधात घरट्यात शिरतात आणि अंड्यांना वेढा घालतात.

आता तापमान, आणि माझ्या मते महोत्सवातला सर्वांत महत्त्वाचा विषय हाच आहे. कासवांत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात घरट्याचं तापमान साधारण तीस अंशांच्या वर राहिलं तर बहुतेक माद्या, खाली राहिलं तर बहुतेक नर. चौतीस-पस्तिसाच्या पुढे गर्भ मरू लागतात. डिसेंबरमधल्या घरट्यांना थंड वाळू मिळते, फेब्रुवारी-मार्चमधल्यांना तापलेली. उघड्यावरच्या केंद्रात मार्चनंतर जवळजवळ सगळ्याच माद्या निघत असतील, आणि काही घरटी तर नुसती शिजत असतील.

उपाय साधा आहे. घरट्याच्या खोलीवर तापमापी पुरायची, आकडा सकाळ-दुपार-संध्याकाळ वहीत लिहायचा. तीस-एकतीसच्या पुढे चढू लागला की वर हिरवी शेडनेट किंवा माडाच्या झावळ्या, उन्हाचा साधारण अर्धा भाग अडेल एवढ्याच. दाट झावळ्या घातल्या तर घरटं गार पडतं, पिल्लं उशिरा निघतात आणि सगळे नर होतात. निम्म्या घरट्यांवर सावली आणि निम्म्यांवर नाही, असं केलं तर दोन्ही निघतात.

भरतीरेषा, तुम्ही नऊ तासांचा हिशेब मांडलात. त्याआधीचे बाराशे तास कसे गेले, हे कोणी विचारत नाही.

भरतीरेषा

तापमापी, हे पूर्ण मान्य. पण बाराशे तास नीट गेले म्हणून शेवटचे नऊ वाया घालवायची मुभा मिळत नाही. उलट, एवढं राखून वर आणलेलं पिल्लू शेवटी थकवून पाठवायचं, हे जास्त टोचतं.

मर्यादवेल

मला वाटतं वाद अडकलाय तो महोत्सवात दाखवायचं काय, यावर. सगळं आकर्षण पिल्लू पाण्यात जातानाच्या पाच मिनिटांवर टांगलेलं आहे म्हणून टोपली सातपर्यंत झाकून ठेवायचा मोह होतो. दाखवायला दुसरं चांगलं काही असलं तर हा ताण जाईल.

आणि ते आहे. फुटून गेलेलं घरटं उघडणं.

शेवटचं पिल्लू निघाल्यावर दोन ते तीन दिवस थांबायचं. मग हातमोजे घालून, फावडं न लावता, हाताने वाळू काढायची. आतून जे निघेल ते ओळीने मांडायचं: रिकामी कवचं एका ओळीत, न फुटलेली अंडी दुसऱ्या, अर्धवट फुटून आत मेलेली पिल्लं तिसऱ्या. कवचाचे तुकडे मोजताना अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक अंडं धरायचं, बारीक तुकडे सोडून द्यायचे, नाहीतर आकडा फुगतो. समजा ११० अंडी ठेवली होती आणि ७२ कवचं निघाली, तर पासष्ट टक्के.

न फुटलेली अंडी फोडून पाहायची. नुसता पिवळा बलक असेल तर अंडं फळलंच नव्हतं किंवा अगदी सुरुवातीला मेलं. बोटाच्या पेराएवढा गर्भ असेल तर हलवताना फिरलं असण्याची शक्यता. पूर्ण वाढलेलं, रंग आलेलं पिल्लू आत मेलेलं असेल तर उष्णता किंवा उधाणाचं पाणी. दर्यावर्दींनी सांगितलेली हलवणीची चूक आणि तापमापींनी सांगितलेली उष्णता, दोन्ही इथे डोळ्यांना दिसतात. शाळेतल्या मुलांना यापेक्षा चांगला धडा नाही. आणि हे दिवसाउजेडी, सकाळी नऊला, कोणत्याही पिल्लाला एक क्षणही न थांबवता करता येतं.

अनेकदा तळाशी दोन-चार जिवंत पिल्लंही सापडतात, मुळांत किंवा कवचांत अडकलेली. ती मात्र भर उन्हात सोडायची नाहीत. ओल्या वाळूच्या टोपलीत, सावलीत, वर ओलं फडकं टाकून ठेवायची आणि अंधार पडल्यावर सोडायची. पाण्याच्या घमेल्यात ठेवू नका, ती पोहत राहतात आणि दमतात.

पाठीवर_पिशवी

पुण्या-मुंबईहून गट घेऊन जाणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. मर्यादवेल, घरटं उघडणं छान आहे, पण सहा-सात तास प्रवास करून, बागमांडल्याहून वेसवीची फेरीबोट पकडून आलेलं सात वर्षांचं मूल कवचं बघायला आलेलं नसतं. त्याला पिल्लू चालताना पाहायचं असतं. ते पाहिलेलं मूल मोठं होऊन प्लास्टिक समुद्रात टाकत नाही. त्या पाच मिनिटांची किंमत कमी समजू नये.

लोक नाराज होतात ते पिल्लं दिसली नाहीत म्हणून कमी, आधी नीट सांगितलं नाही म्हणून जास्त. शनिवार-रविवारी आणि शिमग्याच्या सुट्टीत सगळे येतात, आणि त्या दोन दिवसांत एकही घरटं फुटत नाही असं सहज होतं. आयोजकांनी "कासवं पाहायला चला" एवढीच जाहिरात करू नये. घरटी घातल्याच्या तारखा गावाकडे असतात. त्यावरून कोणत्या आठवड्यात किती घरटी मुदतीत आहेत ते जाहीर करावं आणि "शक्यता" हा शब्द ठळक लिहावा. मंगळवार-बुधवारी जायची तयारी असलेल्यांना तसं सुचवावं. गर्दीही वाटली जाईल.

खाडीकाठ

पिशवीवाले, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आता गर्दीबद्दल, कारण पिल्लाचं नुकसान वेळेपेक्षा पायांनी जास्त होतं असं माझं ठाम मत आहे.

पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं. माणसाच्या टाचेचा खड्डा त्याच्यासाठी विहीर असते. ते आत पडतं, उलटं होतं, चढायला मिनिटं लागतात. शंभर माणसं सकाळी किनाऱ्यावर फिरली की सोडायच्या जागेपासून पाण्यापर्यंत विहिरीच विहिरी. म्हणून सोडण्याआधी दोन माणसांनी लाकडी फळीला दोरी बांधून ती पट्टी ओढून सपाट करायची. दोन्ही बाजूंना दोरी पाण्यापर्यंत, लोक दोरीच्या बाहेर आणि बसून. पाण्याच्या बाजूला एकही माणूस नको, कॅमेरावालाही नको. समुद्रात उभं राहून समोरून फोटो काढणाऱ्याच्या पायाखाली लाटेतलं पिल्लू येतं, आणि ते त्याला कळतही नाही.

पिल्लं हातात द्यायची नाहीत, कोणी कितीही मोठा पाहुणा असो. हाताला लावलेलं क्रीम, डासांचं औषध त्यांच्या अंगाला लागतं. पाण्यातही थेट सोडायची नाहीत, दहा-पंधरा पावलं वाळूवरून चालू द्यायची. भरती-ओहोटी पाहून ती जागा रोज थोडी हलवायची. उजेडात दिशा घेताना ती क्षितिजाजवळचा उजेड आणि उतार धरतात, म्हणून संध्याकाळी मोबाइलचे दिवे बंद म्हणजे बंद.

एवढं सगळं पाळलं तर सातची वेळ माझ्या लेखी चालते. पाच-सहा तास थांबलेलं पण नीट गेलेलं पिल्लू, रात्री एकट्याने सोडलेल्या आणि कुत्र्याने उचललेल्या पिल्लापेक्षा बरं.

दर्यावर्दी

आणि तेच पिल्लू पंधरा-वीस वर्षांनी मादी होऊन परत येतं तेव्हा किनाऱ्यावर सुरूची भिंत, मागे रिसॉर्टचे दिवे. कोकणात सुरू लावताना भरतीच्या रेषेपर्यंत लावले गेले. त्याखाली वाळू घट्ट, मुळांनी भरलेली, सावलीची. मादी अशा ठिकाणी खणायला सुरुवात करून अर्ध्यावर सोडून परत जाते. किनाऱ्यावर पसरणारी मर्यादवेल ही वेल मात्र राखावी, ती वाळू धरून ठेवते आणि मादीला आडवी येत नाही. महोत्सवाच्या पैशांतून दिवे झाकायचे, समुद्राकडचे बल्ब बदलून लाल-नारिंगी लावायचे, पुढची सुरूची रांग काढायची, याला कोणी हात घालत नाही, कारण त्यात टोपली उचलण्यासारखं काही दाखवायला नाही.

तापमापी

दर्यावर्दी, दिव्यांवर सहमत. समुद्राकडे जाळ्यांचंही आहे. कासवं मासेमारीच्या जाळ्यात अडकतात आणि जाळं कापल्याशिवाय सुटत नाहीत. राज्यात २०१८ च्या अखेरीपासून अशा संरक्षित जीवाला सोडताना जाळं फाटलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचा फोटो लागतो. महोत्सवात मच्छीमारांसाठी अर्ध्या तासाचं सत्र ठेवून अर्ज कसा भरायचा, फोटो कसा काढायचा (जाळं आणि जिवंत कासव एकाच चौकटीत) हे दाखवलं, तर त्यातून मोठी कासवं वाचतील. एक वयात आलेली मादी हजार पिल्लांच्या तोलाची. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात ते लक्षात घ्या.

वेळासचा संबंध किती लांब पोचतो तेही लोकांना सांगावं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर "प्रथमा" नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिली. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली "बागेश्री" श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला घरटं करणारी एक मादी ओडिशात २०२१ साली टॅग केलेली निघाली. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हे आपण धरून चाललो होतो.

भरतीरेषा

खाडीकाठ, फळी आणि दोरीबद्दल तुमचं सगळं मान्य. वेळेबद्दल नाही. पण मर्यादवेल आणि पाठीवर_पिशवी यांचं वाचून माझा प्रस्ताव बदलतो:

रात्री आठ ते पहाटे पाचपर्यंत वर आलेली पिल्लं दोन तासांच्या आत, लाल दिव्यात, पाहुण्यांशिवाय सोडायची. त्या रात्रीचा आकडा सकाळी फळ्यावर. पहाटे पाचनंतर वर आलेली पिल्लं फार तर सातपर्यंत, तीही लोकांसमोर, फळी ओढलेल्या पट्टीवर. म्हणजे पाहुण्यांना दाखवण्याची शक्यता राहते, पण रात्री-पहाटे वर आलेलं कोणतंही पिल्लू दोन तासांच्या वर थांबत नाही. संध्याकाळी सहाला सोडणं बंद. त्याऐवजी सूर्य मावळल्यावर, काळोख पडता पडता, सातनंतर. दिवसा निघालेली पिल्लं टोपलीत नाही, ओल्या गोणपाटाखाली सावलीत. मुदतीत घरटी असलेल्या रात्रीच जागायचं, आणि त्या रात्रींसाठी पाहुण्यांच्या शुल्कातून वेगळा पैसा.

खाडीकाठ

सकाळचा भाग पटतो. पहाटे पाच ते सात या वेळातही पिल्लं निघतात, तेवढ्यावर पाहुणे समाधानी होतील असं वाटतं. संध्याकाळचा नाही. सातनंतर म्हणजे मार्चमध्ये अंधारच. अंधारात शंभर-दीडशे माणसं किनाऱ्यावर, लहान मुलं रडणारी, कोणाचा ना कोणाचा मोबाइल उजळणारच. तुम्ही उजेड टाळायला जाता आणि पिल्लांना शंभर खोटे उजेड देता. संध्याकाळी एकतर पाहुण्यांशिवाय, नाहीतर पावणेसातला, सूर्य टेकल्यावर, दिसतंय तोवर. दुसरं चालायचं नाही.

मर्यादवेल

पावणेसातला वाळू किती तापलेली असते त्यावर ते ठरवा. पश्चिमेकडे उघडा किनारा, मार्चअखेरीस वरची कोरडी वाळू संध्याकाळीही उशिरापर्यंत गरम राहते. सोडायच्या पट्टीवर तापमापी अर्धा इंच आत खुपसून पाहा. हाताला गरम लागत असेल तर पट्टी खाली, लाटांनी ओल्या झालेल्या वाळूच्या काठाशी न्या. चालायचं अंतर कमी होईल पण पोळणार नाही. ओहोटी असेल तर ही सोय आपोआप मिळते, भरती असेल तर नाही. म्हणून संध्याकाळची वेळ पंचांगातल्या तिथीवरून, भरतीचं कोष्टक बघून रोज ठरवावी लागेल. फळ्यावर "सायं. ६" असं मोसमभर रंगवून ठेवता येणार नाही.

खाडीकाठ

तिथीवरून ठरवायला हरकत नाही, गावात ते सगळ्यांना येतं. उद्याची वेळ आदल्या रात्री जेवणाच्या पंगतीत सांगता येईल.